सहा खेड्यांची नोंदवही

इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी आठवतात. आम्ही आज तान्ह्या मुलांच्या वजनाचा इतिहास सांगणार आहोत. 1946 च्या मार्चमधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांपैकी 5,362 जणांचा मागोवा डॉ. जेम्स डग्लस यांनी सुरू केला. ती मुले म्हातारी झाली तरी तो चालूच राहिला.

आपल्याकडे 1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत असेच काम मांडले. दिवस जाण्यापूर्वीच बायकांची वजने घेतली. पुढे त्यांचे ताट पाहिले, आणि कामही! बाईने पाणी किती वाहिले, शेतात किती राबली, धुणी किती धुतली, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी ठेवावा, याचे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना विशेष वाटते. 2003 साली निष्कर्ष छापून आला: जिचे कष्ट जास्त, तिचे मूल सरासरीने लहान. ही बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतच. इंग्रज बाळांपेक्षा अंगाने बारीक, चरबी मात्र राखून असलेली.

1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तो कारखान्यातील बाईपुरता. आपल्या धनजचे वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. असते तरी कापूस वेचणारी बाहेरच राहिली असती. वेचणीची मजुरी वजनावर. आठवा महिना लागला म्हणून काटा सूट देत नाही.