शेकरू : क्षेत्रनिरीक्षण व सापळा

सह्याद्रीच्या डोंगरी जंगलात उंच झाडांवर राहणारी, दिवसा वावरणारी मोठी खार म्हणजे शेकरू (रॅटुफा इंडिका). हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याच्या अभ्यासाचे राज्यातील प्रमुख ठिकाण म्हणजे भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५, क्षेत्र सुमारे १३१ चौ. किमी.). पुणे, रायगड व ठाणे जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचा ठाण्याकडील भाग मुरबाड तालुक्यात येतो. इथल्या शेकरूचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले व मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला दिले.

निरीक्षण : शेकरू बहुधा आधी ऐकू येते. धोका जाणवला की ते मोठ्याने खडखडाटी आवाज काढते, नाहीतर फांदीला चिकटून निश्चल पडून राहते. त्याच्या मागे धावणाऱ्याला काही दिसत नाही. फळांवर आलेल्या उंबराखाली वा जांभळाखाली पहाटेच जाऊन बसणाऱ्याला दिसते. सकाळी आणि दुपार कलल्यावर ते चरते, भर दुपारी विसावते. ठरावीक मिनिटांनी झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, जोडीला दुसरे शेकरू आहे का आणि फळ, बी, फूल, पान, साल यांपैकी काय खाल्ले ते टिपतात. रेने बोर्जेस यांनी १९८० च्या दशकात भीमाशंकरला याच धीराने काम केले. झाडागणिक व ऋतूगणिक बदलणाऱ्या अन्नातून शेकरू निवड कशी करते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

घरटी : काटक्या आणि पाने रचून केलेले गोल घरटे शेंड्याजवळच्या बारीक फांद्यांत असते. घरटे जागचे हलत नसल्याने वन विभागाची गणना मुख्यतः त्यावर चालते. मात्र एकच शेकरू अनेक घरटी बांधते. ताजे, वापरातले व मोडकळीस आलेले असा भेद नोंदल्याशिवाय घरट्यांच्या आकड्याला शेकरूंची संख्या म्हणणे चुकीचे ठरते.

सापळा : जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या या प्राण्यासाठी पिंजरा झाडावरच बसवावा लागतो. तो काही दिवस उघडा ठेवून, आत फळे ठेवून सवय लावतात, मगच दार चालू करतात. पिंजरा सावलीत हवा आणि वारंवार तपासायला हवा. कोंडलेली खार उन्हाने व भीतीने मरू शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पकडणे हीसुद्धा शिकारच असल्याने संशोधनासाठीही लेखी परवाना लागतो. खूणपट्टी वा रेडिओ कॉलर लावल्याशिवाय सुटणार नाही असा प्रश्न असेल तरच सापळा लावावा. खाद्य, घरटी व वावर यांचे बहुतेक प्रश्न दुर्बिणीने सुटतात.

ठाण्यात राहणाऱ्यांना सरावासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. शहरातल्या वर्तकनगरपासून जवळच येऊरचे डोंगर आहेत. तिथल्या पट्टेरी खारींवर वेळेच्या अंतराने नोंदी घेण्याची पद्धत शिकता येते. शेकरूसाठी मात्र फांदीला फांदी भिडलेले सलग जंगल लागते. म्हणून भीमाशंकरच्या प्रत्येक नोंदीत झाडांचे छत्र कुठे तुटले आहे, हे लिहिणे आवश्यक आहे.