स्कॉर्पिओ : नाव एक, श्रेणी अनेक

महिंद्र आणि महिंद्र कंपनीची 'स्कॉर्पिओ' ही गाडी 20 जून 2002 रोजी भारतीय बाजारपेठेत दाखल झाली. जीप जोडणीपासून वाहननिर्मितीला सुरुवात करणाऱ्या या कंपनीने स्वतः विकसित केलेले हे पहिले आधुनिक बहुउपयोगी वाहन मानले जाते. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी सुमारे 550 कोटी रुपये खर्चून ही गाडी विकसित केली आणि नाशिक येथील कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले.

स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या या गाडीला प्रारंभी 2.6 लिटर क्षमतेचे, 109 अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन होते. पुढे कॉमन रेल तंत्रज्ञान आले आणि 2008 मध्ये 2.2 लिटरचे, 120 अश्वशक्तीचे 'एमहॉक' इंजिन बसवण्यात आले. या काळात एलएक्स, एसएलई, व्हीएलएक्स अशी श्रेणींची नावे प्रचलित होती. व्हीएलएक्स ही त्यांतील वरची श्रेणी होती.

सप्टेंबर 2014 मध्ये नव्या सांगाड्यावरील गाडी सादर झाली, तेव्हा श्रेणींना एस2, एस4, एस6, एस8 व एस10 अशी नावे देण्यात आली. नोव्हेंबर 2017 मधील सुधारणेनंतर त्यांची जागा एस3, एस5, एस7 आणि एस11 यांनी घेतली. वरच्या श्रेणींमध्ये इंजिनाची शक्ती 140 अश्वशक्तीपर्यंत वाढवण्यात आली.

श्रेणींमधील फरक केवळ आसने, चाके वा ध्वनियंत्रणेपुरता मर्यादित नव्हता. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने 2016 मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची अपघात चाचणी घेतली. ताशी 64 किलोमीटर वेगाच्या या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी गाडीला एकही तारा मिळाला नाही. वरच्या श्रेणींत एअरबॅग उपलब्ध होत्या. मात्र कमी किंमत मोजणारा ग्राहक त्यापासून वंचित राहत होता.

हे चित्र नियमांमुळे बदलले. केंद्र सरकारने 1 जुलै 2019 पासून चालकासाठी एअरबॅग अनिवार्य केली. शेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या वाहनप्रकारांना 1 एप्रिल 2021 पासून बंधनकारक झाली. आधीपासून बाजारात असलेल्या वाहनप्रकारांना 31 डिसेंबर 2021 पर्यंत मुदत देण्यात आली.

जून 2022 मध्ये चाकण येथे तयार होणारी 'स्कॉर्पिओ-एन' सादर करण्यात आली. झेड2, झेड4, झेड6, झेड8 आणि झेड8एल या तिच्या प्रारंभीच्या श्रेणी होत. 30 जुलै 2022 रोजी नोंदणी सुरू होताच अर्ध्या तासात एक लाख मागण्या नोंदवल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. डिसेंबर 2022 मध्ये ग्लोबल एनकॅपने या गाडीला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच, तर बालकांच्या सुरक्षेसाठी तीन तारे दिले. जुनी गाडी ऑगस्ट 2022 पासून 'स्कॉर्पिओ क्लासिक' या नावाने एस आणि एस11 या श्रेणींत विकली जाऊ लागली.

स्कॉर्पिओ-एनला मिळालेले पाच तारे आधीच्या स्कॉर्पिओला लागू होत नाहीत. नाशिक असो वा लखनौचे आलमबाग, जुनी गाडी घेणाऱ्या ग्राहकासमोर नाव एकच असते. त्यामुळे नोंदणीपत्रावरील उत्पादनाचे वर्ष व श्रेणी तपासणे आणि एअरबॅग आहेत की नाहीत याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.