पूल डोलतो तेव्हा : कंपनांचे संगणकीय गणित

लंडनमधील थेम्स नदीवरचा ‘मिलेनियम ब्रिज’ हा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या गर्दीने तो आडवा डोलू लागला. दोन दिवसांतच तो बंद करावा लागला. अशा रचनांची कंपने आधी संगणकावर तपासली जातात ती ‘फायनाइट एलिमेंट’ म्हणजेच सान्त घटक पद्धतीने.

या पद्धतीत संपूर्ण रचनेचे लहान लहान घटक कल्पून ते ठराविक बिंदूंपाशी जोडले जातात. प्रत्येक घटकाची ताठरता आणि वस्तुमान यांची बेरीज करून दोन मोठ्या सारण्या तयार होतात. त्या सोडविल्या की रचनेच्या नैसर्गिक वारंवारता आणि प्रत्येक वारंवारतेला रचना कोणत्या आकारात हलेल, हे कळते. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ मधील शोधनिबंध विमानांच्या रचनेच्या गरजेतून आला. पद्धतीला आजचे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. घटक जितके बारीक, तितके उत्तर अचूक. मात्र वरच्या वारंवारतांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. सुदैवाने अभियंत्याला बहुधा पहिल्या काहीच लागतात.

खरी अडचण निराळीच आहे. ताठरता आणि वस्तुमान आराखड्यावरून काढता येते. कंपने शमविणारे अवमंदन मात्र तसे काढता येत नाही. ते मोजावे लागते किंवा गृहीत धरावे लागते. शिवाय भार कोणता, हेही संगणक सांगत नाही. माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो आणि डावे-उजवे पाऊल आळीपाळीने पडत असल्याने पुलाला सेकंदाला एक आडवा हेलकावा देतो. पूल किंचित हलला की चालणारे तोल सावरण्यासाठी त्याच्याच तालात पावले टाकतात आणि डोलणे वाढवितात. मिलेनियम ब्रिजच्या बाबतीत हिशेबातून निसटले ते हेच.

मधल्या गाळ्याची आडव्या कंपनाची सर्वांत कमी वारंवारता सुमारे ०.५ हर्ट्झ होती. ती तिप्पट करायची तर ताठरता नऊपट हवी. म्हणजे पुलाचे सडपातळ रूपच गेले असते. म्हणून अवमंदन वाढविण्याचा मार्ग निवडला गेला. ३७ द्रव-अवमंदक आणि ५२ वस्तुमान-अवमंदक बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला.