सिंगापूरने घरे कशी बांधली?

श्रोतेहो, घर शाकारायचे म्हटले की पैसा आणि जागा या दोन्ही अडचणी पुढे उभ्या राहतात. सिंगापूर या चिमुकल्या बेटावर हीच अडचण लाखो लोकांपुढे होती. झावळ्यांच्या छपराखाली, दाटीवाटीने माणसे राहत. इंग्रजी अमलात १९२७ साली घरांसाठी एक ट्रस्ट निघाला. पण बत्तीस वर्षांत त्याची घरे झाली अवघी तेवीस हजारांच्या आसपास.

१ फेब्रुवारी १९६० रोजी त्याच्या जागी गृहनिर्माण मंडळ आले. लिम किम सान हे व्यापारी त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांनी पगार घेतला नाही. पुढच्या वर्षीच मंडळाची कसोटी लागली. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या वस्तीला आग लागली. सुमारे सोळा हजार माणसे उघड्यावर आली. त्यांना आसरा मिळाला तो शाळांमध्ये! मंडळाने जळाल्या जागीच इमारती उभारायला घेतल्या, आणि सुमारे वर्षभरात या लोकांना घरे मिळाली. पहिल्या पाच वर्षांत मंडळाने पन्नास हजारांहून अधिक घरे बांधली.

एवढा पैसा आणि जागा आली कोठून, असे तुम्ही विचाराल. १९६४ साली घरे विकत देण्याची योजना निघाली. पण आरंभीची रक्कम पुष्कळांना जड जाई. १९६८ पासून ती रक्कम आणि हप्ते भविष्यनिर्वाह निधीतून भरता येऊ लागले, तेव्हा कामगारही घरधनी झाला. जागेसाठी १९६६ चा कायदा होता. त्याने सरकार जमीन घेई, आणि मोबदला बहुधा बाजारभावाहून कमी असे. जुन्या वाड्या मोडल्या. काही कुटुंबांनी तर कोंबड्या-बदकेही वरच्या मजल्यावर नेली, बरं का!

आज तिथल्या दहांपैकी जवळजवळ आठ रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. मात्र ही मालकी नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची. मुदत सरली की घर मंडळाकडे परत जाते. नातवाला काय उरणार, हा प्रश्न तिथे आता विचारला जातो.

तेव्हा गावात घरांची योजना आली, की भिंती आणि छपराबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : जमीन कोणाची, हप्ता कशातून फिटणार, आणि घर पुढच्या पिढीकडे जाणार की नाही. गुरुजनांनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी.