कृष्णगिरीवरची तागडी

बोरिवली अजून नाही. शक ७७५ चालू आहे, कोकणात शिलाहार कपर्दीचं राज्य आहे आणि तुम्ही कान्हेरीचा, म्हणजे त्या काळच्या कृष्णगिरीचा, चढ चढून एका लांबलचक सभागृहात शिरता. बुटक्या दगडी बाकांच्या दोन रांगा. गौड देशाच्या अविघ्नाकराने इथे ध्यानासाठी खोल्या करवल्या आहेत, वर १०० द्रम्म नाण्यांची कायमची ठेव ठेवली आहे.

तिथे एक वृद्ध भिक्षू तुम्हाला पायासी राजाची गोष्ट सांगतो. दिसत नाही ते नाहीच, असं मानणारा राजा. त्याने चोराला जिवंतपणी तागडीत तोललं, गळा आवळून मारल्यावर पुन्हा तोललं. मग दुसऱ्याची कातडी, मांस, हाडं वेगळी करून पाहिली. जीव सापडला नाही. भिक्षू कुमार काश्यपाने त्याला एका पोराची गोष्ट ऐकवली: अग्नी विझला म्हणून पोराने अग्नी पाडायची लाकडी अरणी कुऱ्हाडीने फोडली, उखळात कुटली, वाऱ्यावर उधळली. आग काही मिळाली नाही.

पुढे डॉक्टर डंकन मॅकडुगलने मरणासन्न रोगी तोलले आणि १९०७ साली निष्कर्ष छापले, ते आत्मा सिद्ध करायला. पण चूक तीच: जीव तागडीत शोधण्याची.

तुम्ही अडवता. मेंदूला इजा झाली की आठवण जाते, स्वभाव पालटतो, मग मन म्हणजे मेंदूच ना?

भिक्षू चिडत नाही. तोही नित्य आत्मा मानत नाही, हे लक्षात घ्या; भौतिकवाद नाकारायला आत्मा मानावाच लागतो असं नाही. बौद्ध तर्कशास्त्री धर्मकीर्तीचा आधार घेऊन तो म्हणतो, ‘‘उपासका, शरीर सहकारी कारण आहे, मान्य. पण जाणीव उपजते ती आधीच्या जाणिवेतून.’’

हे उत्तर मला पुरतं पटत नाही. पण त्याचा पुढचा प्रश्न मला आजही टाळता येत नाही. तो छताला लटकलेल्या वटवाघळांकडे बोट दाखवतो: ‘‘ह्यांचं काय सांगशील?’’ तुम्ही सगळं सांगता. माणसाला ऐकू न येणारा आवाज, त्याचा प्रतिध्वनी, त्यावरून कळणारं अंतर. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, विज्ञानाने कष्टाने कमावलेलं आहे.

‘‘आणि त्याला स्वतःला कसं वाटतं?’’

तत्त्वज्ञ थॉमस नेगेल १९७४ साली ह्याच प्राण्यावरून हाच प्रश्न विचारणार आहे. मोजमापाने आपलं काम चोख केलं. अनुभवणारा बाजूला ठेवूनच तर ते सुरू झालं होतं. ‘मोजता येतं तेवढंच जग’ हे मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत मोजून निघालेलं नाही. ते गृहीत आहे, आणि पायासीइतकंच तुम्हालाही त्याची बाजू युक्तिवादाने मांडावी लागेल. भिक्षू बाकावर सरकून तुम्हाला जागा करून देतो.