पावसाच्या बेटांवरचा दुष्काळ : प्रस्तावना

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात मस्कारीन नावाचा बेटांचा समूह आहे. रियुनियन, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज ही त्यातली तीन मोठी बेटे. पावसाचे काही जागतिक विक्रम यांपैकी रियुनियनच्या नावावर आहेत. डेनिस हे चक्रीवादळ जवळून गेले तेव्हा, 7 ते 8 जानेवारी 1966 या चोवीस तासांत, तिथल्या फॉक-फॉक या ठिकाणी 1,825 मिलीमीटर पाऊस मोजला गेला. फेब्रुवारी 2007 मध्ये गामेद चक्रीवादळाच्या वेळी कोमर्सन विवरापाशी तीन दिवसांत 3,930 मिलीमीटर पाऊस पडला. मुंबईत अख्ख्या वर्षात पडतो, त्याच्या दीडपटीहून हा जास्त. याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र काही ठिकाणी वर्षाकाठी जेमतेम 600 मिलीमीटर पाऊस होतो. तिथल्या उसाला पाणी मिळावे म्हणून डोंगर पोखरून बोगदे काढावे लागले आणि पूर्वेकडचे पाणी पश्चिमेला वळवावे लागले.

अशा ठिकाणी पावसावर आणि दुष्काळावर लक्ष कसे ठेवायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. जो वाचक या शास्त्रात पहिल्यांदाच पाऊल टाकतो आहे, त्याच्यासाठी ही प्रस्तावना आहे. त्याला गणित थोडे आले तर उत्तम. नसले तरी अडणार नाही. त्याला पावसाची ओढ ठाऊक असावी, एवढे पुरे. आणि मराठी वाचकाला ती शिकवावी लागत नाही.

भूगोलही आपल्याला अनोळखी नाही. सह्याद्री ओलांडला की पाऊस कसा गळून जातो, हे घाट उतरणारा प्रत्येक जण पाहतो. मस्कारीन बेटांवर हाच खेळ वर्षभर चालतो, फक्त दिशा उलटी असते. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेच्या उतारांवर ओलावा रिता करतात आणि पश्चिम किनारा पर्जन्यछायेत राहतो. मॉरिशस हे अवघे 1,865 चौरस किलोमीटरचे बेट, आणि त्याचे मधले पठार सुमारे 600 मीटर उंचीचे. तेवढ्या उंचीवरही 4,000 मिलीमीटरपर्यंत पाऊस होतो, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे 900 मिलीमीटर. 1971 ते 2000 या काळातली सगळ्या बेटाची वार्षिक सरासरी 2,010 मिलीमीटर येते. हा आकडा अहवालात शोभतो. कुणाच्याही शेताची हकीकत तो सांगत नाही. बेटांवरच्या दुष्काळाचा अभ्यास सरासरीवरचा विश्वास सोडण्यापासून सुरू होतो, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी प्रकरणे त्याच मताच्या आधाराने वाचावीत.

या शास्त्राची मुळे या बेटांत खोल गेलेली आहेत. 1767 मध्ये पिएर प्वाव्र हा फ्रेंच प्रशासक मॉरिशसला आला. जंगल तोडले की पाऊस आटतो, अशी त्याची धारणा होती. 1769 मध्ये तिथे जमिनीचा काही हिस्सा जंगल म्हणून राखण्याचे नियम झाले, त्यामागे हीच भीती होती. जंगल आणि पाऊस यांचे नाते त्याला वाटले तितके सरळ नाही, हे पुढे कळले. तरीही पावसाची काळजी म्हणून केलेल्या जगातल्या पहिल्या काही कायद्यांत त्या नियमांची गणना होते. त्यानंतरचे मोठे नाव चार्ल्स मेल्ड्रम यांचे. हे स्कॉटिश गणितज्ञ 1846 मध्ये मुंबईच्या शिक्षण खात्यात आले, दोन वर्षांनी मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गेले आणि 1851 मध्ये त्यांनी तिथे हवामानविषयक संस्था उभी केली. पाँप्लेमूसची रॉयल आल्फ्रेड वेधशाळा त्यांच्याच खटपटीतून उभी राहिली. वादळातून वाचून बंदरात आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्यांनी चक्रीवादळांचे मार्ग कागदावर आणले.

महाराष्ट्राशी याहून जवळचा धागा वाऱ्याचा आहे. आपल्याकडे मोसमी पावसाचे दिवस असतात तेव्हा या बेटांच्या आसपासच्या समुद्रावर उच्चदाबाचे मोठे क्षेत्र ठाण मांडून असते. हवामानशास्त्रात त्याला मस्कारीन उच्चदाब म्हणतात. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकण किनाऱ्यावर थडकतात. विसाव्या शतकाच्या आरंभी गिल्बर्ट वॉकर यांनी भारताच्या पावसाचा अंदाज बांधताना हिमालयातल्या बर्फाबरोबर मॉरिशसचा वायुदाबही हिशेबात धरला होता. पुण्यातल्या वेधशाळेचे लक्ष आजही त्या समुद्रावर असते. माणसांचा धागा वेगळाच. कोकणातून ऊसमळ्यांवर राबायला गेलेल्या मजुरांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून नांदतात. त्यांच्या पूर्वजांनी तिथे पावसाळा उलट्या महिन्यांत पाहिला : नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा उन्हाळा, आणि ऑक्टोबर सगळ्यात कोरडा.

आता मोजणीकडे वळू. पर्जन्यमापक म्हणजे ठरावीक तोंडाचे एक भांडे. त्यात पडलेले पाणी रोज ठरल्या वेळी मोजायचे आणि लिहायचे, इतके हे काम साधे आहे. ते चाळीस-पन्नास वर्षे न चुकता करणे मात्र अवघड. मॉरिशसचे भाग्य असे की सरकारी केंद्रांच्या बरोबरीने तिथल्या साखर मळ्यांनीही स्वतःचे पर्जन्यमापक जपले. पावसावर ऊस आणि उसावर सगळी मिळकत, तेव्हा कारकुनाच्या वहीतला तो आकडा मळ्याच्या दृष्टीने पैशाइतकाच मोलाचा होता. अशा वह्यांशिवाय हे शास्त्र उभेच राहिले नसते.

वह्या हाती आल्या की प्रश्न येतो : किती कमी पाऊस म्हणजे दुष्काळ? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉर्ज सायमन्स यांनी सलग पंधरा कोरड्या दिवसांची व्याख्या केली होती. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर असे पंधरा दिवस कोरड्या ऋतूत सहज येतात आणि कुणाला त्यांचे काही वाटत नाही. उलट मधल्या पठारावर रोज शिंतोडे पडत राहतात आणि तरीही धरण खाली जाते. 1993 मध्ये कोलोरॅडोतले मॅकी, डोस्कन आणि क्लाइस्ट यांनी मांडलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक या अडचणीवर चांगला उतारा ठरला. प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्याच इतिहासाशी करायची, हे त्याचे तत्त्व. निदान तीस वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, त्या केंद्राला त्या महिन्यांत किती पाऊस नेहमीचा आहे ते ठरवायचे, आणि यंदाचा पाऊस त्यापासून किती दूर आहे हे एका आकड्यात सांगायचे. शून्य म्हणजे नेहमीसारखे, उणे एकपासून दुष्काळाची चाहूल, उणे दोनच्या खाली अतितीव्र. यामुळे 4,000 मिलीमीटरचे पठार आणि 900 मिलीमीटरचा किनारा एकाच नकाशावर शेजारी ठेवता येतात.

या निर्देशांकाची खरी ताकद कालावधीत आहे. तोच आकडा एका महिन्याचा काढता येतो, तीन महिन्यांचा काढता येतो, वर्षाचाही. तीन महिन्यांचा आकडा उसाची स्थिती सांगतो. बारा महिन्यांचा आकडा मार-ओ-व्हाकोआसारखा मोठा जलाशय आणि जमिनीखालचे साठे यांच्याकडे बोट दाखवतो. मॉरिशसला घरगुती वापराचे जवळपास निम्मे पाणी भूगर्भातून मिळते, म्हणून बारा महिन्यांच्या आकड्याकडे दुर्लक्ष करणे तिथे परवडत नाही. महाराष्ट्रात आपण पिढ्यान्‌पिढ्या पैसेवारीवरून दुष्काळ ठरवत आलो. 2016 च्या केंद्रीय नियमावलीत हाच निर्देशांक आपल्याकडेही आला. विद्यार्थ्याने मात्र त्याच्या मर्यादा पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवाव्यात. त्याला ऊन आणि बाष्पीभवन कळत नाही. आणि जिथे मुळात पाऊस नगण्य, तिथल्या कोरड्या महिन्यांत दोन-चार मिलीमीटरच्या फरकानेही तो भलताच हलतो.

आता सगळ्यात गुंतागुंतीच्या गोष्टीकडे. या बेटांवर दुष्काळ संपवण्याचे काम बहुधा चक्रीवादळ करते. वादळ बेटावरून गेले तर ऊस आडवा होतो, छपरे उडतात. तेच काही अंतर राखून गेले, तर त्याच्या कडेचा पाऊस जलाशय भरून जातो. म्हणून ज्या वर्षी वादळे फिरकत नाहीत, ते सुटकेचे वर्ष पुढे टंचाईचे ठरू शकते. 1998-99 च्या उन्हाळ्यात पावसाने पाठ फिरवली आणि मॉरिशसचे साखर उत्पादन सुमारे 6 लाख 28 हजार टनांवरून 3 लाख 73 हजार टनांवर आले. याच्या अगदी उलट दिवस 30 मार्च 2013 चा. पोर्ट लुईसमध्ये दोन तासांच्या आत 152 मिलीमीटर पाऊस कोसळला आणि 11 माणसे गेली. मासिक बेरजेत असा पाऊस चांगल्या महिन्याची खूण म्हणून नोंदला जातो. पण त्यातले बहुतेक पाणी समुद्राला मिळते, आणि जमिनीत मुरायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाची बेरीज मांडणाऱ्याने तो किती तासांत पडला हेही मांडलेच पाहिजे.

उपग्रह आले तरी जमिनीवरची मोजणी सुटत नाही, हे नव्या अभ्यासकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. उपग्रहांवरून काढलेल्या पर्जन्य-आकड्यांचा एक चौकोन साधारण पाच ते अकरा किलोमीटरचा असतो. मॉरिशसवर तेवढ्या अंतरात पठार संपून पर्जन्यछाया सुरू होते. शिवाय डोंगराला आदळून पडणारा इथला बराच पाऊस बुटक्या, उबदार ढगांतून येतो. उंच, थंड ढगांचे माथे हेरणाऱ्या उपकरणांना तो पुरेसा दिसत नाही. आकाशातल्या आकड्याला भांड्यातल्या आकड्याने दुरुस्त करत राहणे हेच इथल्या रोजच्या कामाचे स्वरूप आहे.

मॉरिशसपासून सुमारे 600 किलोमीटर पूर्वेला असलेल्या रॉड्रिग्जला या पुस्तकात जास्त जागा दिली आहे, आणि ती योग्यच आहे. शंभरेक चौरस किलोमीटरचे ते बेट, मोठे जलाशय नाहीत, झरे तुटपुंजे. घरोघरी साठवलेले पाणी आणि समुद्राचे गोडे केलेले पाणी यांवर तिथली माणसे कोरडे महिने काढतात. तिथे पाऊस तीन आठवडे लांबला की त्याची झळ थेट हंड्यापर्यंत पोचते. निर्देशांकाचा मासिक नकाशा त्यानंतर येतो. 1950 च्या दशकाच्या तुलनेत मॉरिशसचा पाऊस सुमारे 8 टक्क्यांनी घटल्याचे तिथली हवामान सेवा सांगते. उन्हाळी पावसाचा आरंभही पुढे सरकतो आहे. आधीच साठा कमी असलेल्या रॉड्रिग्जला असे पुढे सरकलेले आठवडे सगळ्यात महागात पडतात.

वाचनाला बसण्याआधी एक काम करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. महाबळेश्वर आणि वाई या दोन ठिकाणांच्या तीस वर्षांच्या मासिक नोंदी मिळवाव्यात आणि एखाद्या ओढीच्या वर्षाचा तीन महिन्यांचा निर्देशांक दोन्हींसाठी काढावा. आकडे जवळपास सारखे येतील असाही महिना सापडेल. मग त्या महिन्यात कोणत्या गावाला टँकर लागला, कोणत्या विहिरीने तळ गाठला, हे विचारावे. हीच मांडणी पुढे पाचव्या प्रकरणात पठारावरच्या व्हाकोआसाठी आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मेदिनसाठी केली आहे. ती तिथे वाचताना हाताशी स्वतःचा तक्ता असेल.