गीतरामायण (मूळ आकाशवाणी मालिका)

गीतरामायणाची मूळ आकाशवाणी मालिका म्हणजे ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेल्या व सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेल्या ५६ गीतांची, पुणे आकाशवाणी केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात प्रसारित झालेली साप्ताहिक मालिका होय. या मालिकेत रामकथेतील निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे तीच गीते फडके यांनी एकट्याने जाहीर कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांवरून गायिली. आज गीतरामायण म्हटले की बहुतेकांच्या कानी येतो तो हा दुसरा, एकल आवाज. आणि तोच मूळचा, असा समजही सर्रास आढळतो. मूळ मालिका, तिच्यातील गायक आणि अनेक आवाजांकडून एका आवाजाकडे झालेला प्रवास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. केंद्र नवे होते आणि श्रोत्यांना बांधून ठेवील अशा सलग कार्यक्रमाची त्याला गरज होती. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड हे माडगूळकरांचे स्नेही होते. रामकथा गीतांतून क्रमशः सांगावी ही योजना या स्नेहातून आकाराला आली. माडगूळकर आणि फडके दोघेही १९१९ साली जन्मलेले. मराठी चित्रपटांच्या निमित्ताने एकत्र काम करण्याची सवय दोघांना पूर्वीपासून होती. कथानकासाठी माडगूळकरांनी वाल्मीकिरामायणाचा आधार घेतला.

मालिका एका रामनवमीला सुरू होऊन पुढील रामनवमीला संपावी असे ठरले होते. वर्षाचे आठवडे ५२, म्हणून गीतेही तेवढीच व्हायची. परंतु त्या वर्षी पंचांगात अधिक भाद्रपद आला, दोन रामनवम्यांमधील अंतर महिनाभराने वाढले आणि गीतांची संख्या ५६ झाली. मराठीतील एका श्रेष्ठ काव्याची लांबी अशी पंचांगाने ठरवली.

पहिल्या गीताविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडके यांच्याकडून गहाळ झाला, प्रसारण तोंडावर आलेले, कवी संतापलेले. अखेर लाड यांनी त्यांना एका खोलीत बसवले आणि त्यांनी ते गीत थोड्याच वेळात पुन्हा लिहून दिले, असे सांगतात. ही गोष्ट खरी मानली, तर आपण ऐकतो ते पहिले गीतही दुसऱ्यांदा लिहिलेले ठरते.

प्रसारण

नवे गीत शुक्रवारी सकाळी लागे आणि शनिवारी व रविवारी सकाळी पुनःप्रसारित होई. वेळ पावणेनऊ ते नऊ अशी पाव तासाची होती. तबकडीच्या एका बाजूवर त्या काळी सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. म्हणून ध्वनिमुद्रिकेसाठी लिहिणाऱ्या कवीला दोन-तीन कडव्यांत आटोपते घ्यावे लागे. माडगूळकरांना मात्र आठ-आठ, दहा-दहा कडवी लिहिता आली, ती या पाव तासामुळे. गीतरामायणातील गीते भावगीतांपेक्षा ऐसपैस आणि कथनाला वाव देणारी आहेत, त्याचे एक कारण कवीच्या वृत्तीत आहे आणि दुसरे रेडिओच्या वेळापत्रकात.

ज्या घरी रेडिओ नव्हता तेथील माणसे शेजारच्या घरी जाऊन बसत. काही घरांत रेडिओला हार घालून उदबत्ती लावीत. वृत्तपत्रांतून गीतांचे शब्द छापून येत. १९५७ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ही गीते पुस्तकरूपात प्रसिद्ध केली.

मूळ मालिकेतील गायक

मालिकेची घडण श्रुतिकेच्या जवळची होती. प्रत्येक गीत कोणत्या ना कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, आणि त्या पात्राला साजेल असा आवाज फडके यांनी निवडला. सीतेची गीते माणिक वर्मा यांनी गायिली. किराणा घराण्याची तालीम घेतलेला त्यांचा स्वर सीतेच्या हट्टाला जितका मानवतो तितकाच तिच्या निश्चयाला. कौसल्येसाठी ललिता फडके यांचा आवाज होता. त्या पूर्वाश्रमीच्या ललिता देऊळकर, हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायिका. पुत्र नसल्याची खंत, पाळण्याजवळचे कौतुक आणि वनवासाच्या वेळचा आकांत अशा तीन अगदी वेगळ्या अवस्था कौसल्येच्या वाट्याला येतात. तिन्हींत आवाज एकच राहिल्याने ऐकणाऱ्याला कौसल्या ही एक व्यक्ती म्हणून ओळखीची होत जाते. अहल्येचे शापमुक्तीचे गीत मालती पांडे यांनी म्हटले.

पुरुष पात्रांमध्ये दशरथासाठी बबनराव नावडीकर, विश्वामित्रासाठी राम फाटक आणि लक्ष्मणासाठी संगीत रंगभूमीवरील सुरेश हळदणकर यांची निवड झाली. रंगभूमीवर कमावलेला हळदणकरांचा धारदार स्वर लक्ष्मणाच्या संतापाला शोभून दिसला. राम फाटक यांचे नाव आज गायकापेक्षा संगीतकार म्हणून अधिक परिचित आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेल्या अनेक अभंगांच्या चाली त्यांच्या आहेत.

भरताची गीते वसंतराव देशपांडे यांनी गायिली. वसंतराव त्या वेळी पुण्यात लष्करी लेखा कार्यालयात नोकरीला होते आणि रंगभूमीवरील त्यांचे मोठे यश अजून बारा वर्षे दूर होते. कैकेयीला उद्देशून भरताने काढलेले कठोर उद्गार त्यांच्या गळ्यातून ऐकणे हा आगळा अनुभव आहे. शब्द फेकण्याची त्यांची रीत आणि तानेतला तिरकसपणा यांमुळे रागाला नुसता आवेश उरत नाही, त्यात आईविषयीची लाजही मिसळते. फडके यांच्या गायनातील भरत याहून सौम्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ५६ गीतांपैकी मूळ आणि नंतरच्या गायनातील अंतर सर्वांत जास्त जाणवते ते येथेच.

याखेरीज नट चंद्रकांत गोखले, व्ही. एल. इनामदार, कुमुदिनी पेडणेकर, प्रमोदिनी देसाई, जानकी अय्यर आदींचा मालिकेत सहभाग होता. रामजन्माचे आणि सेतुबंधनाचे अशी काही गीते समूहस्वरात होती. रामाची गीते मात्र आरंभापासून स्वतः फडके यांच्याकडेच होती. भरताला उद्देशून असलेले, यमनाच्या सुरावटीत बांधलेले रामाचे सांत्वनपर गीत त्यांपैकीच. त्यामुळे त्या गीताच्या बाबतीत मूळ गायक आणि प्रसिद्ध गायक असा भेद उरत नाही.

एका आवाजाकडे

आकाशवाणीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे प्रसारणासाठी होती, विक्रीसाठी नव्हती. केंद्राने ती लावली तरच श्रोत्याला ऐकू येत. इतक्या गायक-वादकांचा संच घेऊन गावोगाव फिरणे व्यवहारात शक्य नव्हते. फडके यांनी १९५८ पासून गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम एकट्याने गाऊन सुरू केले. समोर पेटी, साथीला मोजके वादक आणि गीतांना जोडणारे निवेदन एवढ्यावर कार्यक्रम उभा राही. व्हायोलिनवादक प्रभाकर जोग हे या वाटचालीतील त्यांचे दीर्घकाळचे साथीदार. पुढे ग्रामोफोन कंपनीने (एच.एम.व्ही.) सर्व ५६ गीते फडके यांच्याच आवाजात दीर्घ ध्वनिमुद्रिकांवर काढली. लांब गीते मावतील अशी तबकडी आता उपलब्ध झाली होती. नंतर ध्वनिफिती आल्या आणि रामनवमीच्या सकाळी मंदिरांतून, गृहसंकुलांतून, उत्सवाच्या मंडपांतून हीच ध्वनिफीत वाजू लागली. घरोघर पोहोचला तो विकत मिळणारा आवाज.

या घडामोडीत कोणी कोणावर अन्याय केला असे म्हणता येत नाही, कारण चाली फडके यांच्याच होत्या आणि त्या मूळ गायकांना त्यांनीच शिकवल्या होत्या. तथापि परिणाम व्हायचा तो झालाच. सीता म्हणून माणिक वर्मा किंवा लक्ष्मण म्हणून हळदणकर ज्यांनी ऐकले ती पिढी मागे पडली. गीतांच्या यादीत एकच नाव छापले जाऊ लागले. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतून विद्यार्थिनी कौसल्येचे गीत म्हणतात तेव्हाही त्यांच्यापुढे नमुना असतो तो फडके यांच्या गायनाचा, ललिता फडके यांच्या गायनाचा नव्हे.

दोन्ही गायनांची तुलना

मराठीत भूतकाळातील अकर्मक क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. अहल्या किंवा सीता स्वतःविषयी बोलते तेव्हा क्रियापदे स्त्रीलिंगी येतात, आणि एकल गायनात ती पुरुषाच्या आवाजात उच्चारली जातात. नव्या श्रोत्याला हे क्षणभर खटकते, जाणत्याला खटकत नाही. कीर्तनकार उत्तररंगात एकाच पागोट्याखाली राजा, राणी आणि दासी होतो. बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी पाहिलेल्या समाजाला तर पुरुषकंठातील स्त्रीभूमिका परकी नव्हतीच.

याहून महत्त्वाचे कारण काव्याच्या रचनेतच आहे. पहिल्या, भूप रागातील गीतात कुश आणि लव प्रत्यक्ष रामापुढे रामायण गातात, असा प्रसंग आहे. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना गायनाचा उपदेश करतात. म्हणजे मधली सारी पात्रे कुशलवांच्या मुखातून बोलत आहेत. या चौकटीचा विचार केला तर एका गायकाने सर्व गीते म्हणणे हे काव्याच्या कल्पनेशी अधिक सुसंगत आहे. अनेक गायकांची मूळ मालिका नाट्याच्या अधिक जवळ जाते. एकीत कथा सांगितली जाते, दुसरीत ती घडते. फडके यांच्या एकल गायनात शब्दोच्चार इतका स्वच्छ आहे की अर्थ पोहोचण्यासाठी पुस्तक हाती धरावे लागत नाही, आणि त्या गायनाच्या लोकप्रियतेचे खरे बळ तेथे आहे. मात्र संवादाचा ताण, म्हणजे कैकेयीसमोर दशरथ आणि भरतासमोर राम, हा मूळ मालिकेतच पुरता जाणवतो.

माडगूळकरांचे निधन १९७७ साली आणि फडके यांचे २००२ साली झाले. फडके यांचे पुत्र श्रीधर फडके यांनी गीतरामायणाचे कार्यक्रम पुढे चालू ठेवले. हिंदी, गुजराती, कन्नड, कोंकणी, संस्कृत आदी भाषांत या गीतांचे अनुवाद झाले असून त्यांपैकी अनेक मूळ चालींवर म्हणता येतात. हे अनुवादही फडके यांच्या एकल गायनाच्या वळणानेच गायिले जातात.

तत्सम उदाहरणे

पहिला आवाज मागे राहून दुसरा लोकांच्या तोंडी बसणे हे अन्यत्रही घडले आहे. अमेरिकेत बिग मामा थॉर्नटन यांनी गायिलेले ‘हाउंड डॉग’ १९५३ साली प्रसिद्ध झाले, पण जगाने ते ओळखले १९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली यांच्यामुळे; डॉली पार्टन यांचे १९७४ मधील ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन यांचे झाले. तेथे दुसरा गायक परका होता. गीतरामायणात तो स्वतः संगीतकार आहे, हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

मराठीत नाट्यसंगीताचे क्षेत्र या दृष्टीने समृद्ध आहे. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’ (१९२७) नाटकातील ‘परवशता पाश दैवे’ हे पद मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे. दीनानाथ १९४२ साली निवर्तले आणि नंतरच्या पिढ्यांनी ते त्यांच्या कन्या आशा भोसले यांच्या आवाजात अधिक ऐकले. ‘मानापमान’ (१९११) नाटकात धैर्यधराची पदे प्रथम रंगभूमीवर म्हटली ती नानासाहेब जोगळेकर यांनी, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांतील काही पदे आज दीनानाथांची म्हणून ओळखली जातात. नाट्यपदाच्या बाबतीत म्हणूनच रंगभूमीवर प्रथम म्हणणारा, तबकडीवर प्रथम देणारा आणि घरोघरी पोहोचवणारा असे तीन वेगळे गायक असू शकतात; ‘मूळ गायक’ हा शब्द वापरताना यांपैकी कोण अभिप्रेत आहे ते सांगणे इष्ट.

चित्रपटसंगीतात ‘जत्रा’ (२००६) मधील आनंद शिंदे व वैशाली सामंत यांचे ‘कोंबडी पळाली’ हे गीत ‘अग्निपथ’ (२०१२) या हिंदी चित्रपटात श्रेया घोषाल यांच्या आवाजात ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेले. दोन्हींचे संगीत अजय-अतुल यांचेच असल्याने चालीचे श्रेय हरवले नाही, पण महाराष्ट्राबाहेर मूळ गायकांची नावे क्वचितच घेतली जातात.

वसंतराव देशपांडे यांचे नाव या विषयात आणखी एकदा येते. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील खाँसाहेबांची पदे त्यांच्या गळ्याने अजरामर केली. २०१५ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा खाँसाहेबांसाठी आवाज दिला तो त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी.